दाजींचे पिंजरे

आमच्या दाजींनी ज्या कुलपाला एकदा हात लावला, ते कुलूप पुढे दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे. एकदा ते वाण्याच्या दुकानासमोर शिंकले आणि आतल्या गल्ल्याचा खण आपोआप उघडला. मी हे पाहिलेलं नाही, पण वाण्याने मला दोनदा सांगितलंय आणि दोन्ही वेळा तो चिडलेला होता. चिडलेल्या माणसाला खोटं रचायला सवड नसते, म्हणून मी विश्वास ठेवला. पुढचं सगळं मात्र मी स्वतः पाहिलंय. त्यावर तुम्ही विश्वास ठेवला नाहीत तर मला उलट बरंच वाटेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर दोन खोल्यांचं. मागे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला लाकडी फळ्यांची, पत्र्याच्या छपराची शेड. दाजींचं निम्मं आयुष्य त्या शेडमध्ये गेलेलं. भिंतीवर खिळ्यांना किल्ल्यांचे जुडगे, बाकावर कानशी, तारा, पकडी, वंगणाचे डबे, किल्लीचा ठसा घ्यायच्या मेणाच्या वड्या, आणि लोकांनी दुरुस्तीला टाकून साफ विसरलेली कुलपं.

त्या वर्षी ताईची मुलगी चिमी बाळंतपणाला येणार होती. जावई जहाजावर नोकरीला, सासरी दुसरं बाईमाणूस नाही. तेव्हा ठरलं असं, की शेड रिकामी करायची, रंगवायची, एक खिडकी पाडायची, आणि चिमीची नि बाळाची सोय तिथे करायची. घरात दाजींचं घोरणं होतं. त्या घोरण्याने भिंतीवरची पाल जागा बदलते, असं ताई म्हणे.

शेड रिकामी करायला घेतली तेव्हा कळलं की तिथे आधीच बिऱ्हाड आहे.

मेणाच्या वड्यांवर दातांच्या खुणा. वंगण पुसायच्या चिंध्यांचं घरटं, त्यात डोळे मिटलेली गुलाबी पिल्लं. फळ्यांखाली घुशीने एवढं बीळ पाडलेलं, की दाजींनी आत घातलेली काठी परत आलीच नाही.

"आत ओढली का कुणी?" मी विचारलं.

"सुटली हातातून," दाजी म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

ताईने तिथल्या तिथे निकाल दिला. "औषध टाका. माझी पोर निजणार आहे तिथे."

"आणि फळीखाली मेले म्हणजे? वास महिनाभर हटणार नाही. बाळाच्या उशाशी मेलेली घूस हवीय तुला?"

"मग मांजर आणा."

"मांजर बाळाच्या पांघरुणात शिरतं."

"मग तुम्हीच निजा तिथे चार दिवस. घोरण्याने पळतील."

मला हसू आलं. "छोट्या, तू दात काढू नकोस," ताई म्हणाली. माझे केस पांढरे झाले, कवळी आली, तरी मी तिच्यालेखी छोट्याच.

दाजींनी बाजारातून साधा पिंजरा आणला. आकड्याला पावाचा तुकडा लावायचा, तो ओढला की दार धाडकन खाली. सुरुवातीला भराभर सापडले. दाजी पिंजरा हातात धरून ओढ्यापलीकडच्या माळावर जात आणि सोडून येत. मारायला त्यांचा हात धजत नसे. घूससुद्धा सापडली, अर्धी. म्हणजे पुढचा अर्धा भाग पिंजऱ्यात मावला, मागचा बाहेर राहिला, आणि ती पिंजरा अंगात घालूनच अंगणभर फिरली. शेजारच्यांचा कुत्रा त्या दिवशी घरात गेला तो आठवडाभर बाहेर आला नाही.

मग एका सकाळी पाव नाही, उंदीर नाही, पिंजऱ्याचं दार उघडं. काही वाकलेलं नाही, तुटलेलं नाही. खटका हलक्या हाताने वर सारलेला.

दुसरा कुणी वैतागला असता. दाजींचा चेहरा उजळला. ज्यांच्याकडे ते हे काम शिकले, त्या उस्तादांची एक शिस्त होती. जो कुलूप न मोडता उघडतो, त्याला हात लावायचा नाही, मग तो चोर का असेना. गुपचूप घरी यायचं आणि आपलं कुलूप सुधारायचं. दाजींनी ही शिस्त जन्मभर पाळली होती. ती उंदरांना लावताना त्यांना जराही अवघडल्यासारखं झालं नाही. अशी चूक कुलूपवाल्याच्याच हातून व्हायची.

त्यांनी खटक्याला स्प्रिंग बसवली. तीन-चार दिवस उंदीर सापडले, मग पिंजरा पुन्हा उघडा. त्यांनी फिरवून उघडायची कडी केली. सापडले, सापडले, आणि पुन्हा उघडा. मग आधी दाबायची आणि मग सरकवायची पट्टी केली. ज्यांना उघडता येत नसे ते ओढ्यापलीकडे जात. ज्यांना उघडता येई ते शेडमध्ये राहत आणि, उंदीरच ते, त्यांचा संसारही वाढत असे.

"तुम्ही उंदीर पकडताय की शाळा चालवताय?" ताईने एकदा जेवताना विचारलं. "नापास झालेले माळावर, पास झालेले वरच्या वर्गात."

दाजींचा घास हातातच राहिला. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

हळूहळू शेड शांत झाली. कुरतडायचे आवाज थांबले. ताई झाडायला गेली तर लेंड्या कुठे विखुरलेल्या नाहीत, सगळ्या एका कोपऱ्यात. ताईला ते पाहून आनंद व्हायला हवा होता. ती झाडू तिथेच ठेवून बाहेर आली.

"अहो, गेले का ते?"

"नाही."

"मग?"

दाजींनी पिंजरा दाखवला. नवा, त्यांनी आजवर केलेला सगळ्यात अवघड. दार सताड उघडं होतं आणि पाव आकड्याला तसाच लटकत होता. त्याला कुणी तोंडही लावलं नव्हतं.

दाजींनी पिंजरा करणं त्या दिवशी सोडलं. पण तोवर उशीर झाला होता. दुपारी जेवून शेडमध्ये गेले की बाकावर ओळीने ठेवलेली कुलपं उघडी मिळू लागली. मग एका दुपारी सगळी बंद मिळाली. त्यात ज्यांच्या किल्ल्या कुणाहीजवळ नव्हत्या तीही होती.

"उघडणं मी शिकवलं, मेहुणे," दाजी मला म्हणाले. "लावणं ते आपलं आपण शिकले."

ते हे सांगत असताना माझं लक्ष शेडच्या छताकडे गेलं. फळी आणि पत्रा यांच्या फटीत डोळे होते. बरेच. आणि ते सगळे दाजींच्या हातांकडे बघत होते.

चिमी यायची वेळ जवळ आली. सुताराने खिडकी बसवली, दाराला बाहेरून नवा कडी-कोयंडा ठोकून दिला. ताईने कुणाकडून तरी पाळणा आणला, धुतला, वाळवला आणि आतल्या खोलीत ठेवला. मी त्या दिवसांत मदतीला म्हणून तिथेच मुक्कामाला होतो, म्हणजे चहा प्यायचो आणि कुठे काय ठेवायचं ते सांगायचो. अशाच एका दुपारी मी नि ताई स्वयंपाकघरात बसलो असताना शेडमधून दाजींचा आवाज आला. हाक नव्हती ती, साधं विचारणं होतं.

"कडी कुणी लावली?"

मी गेलो. दाराची कडी बाहेरून लागलेली. वाऱ्याने म्हणावं, तर ती उचलून कोयंड्यावर चढवावी लागते, मग खाली पाडावी लागते. वारा एवढा कामसू नसतो. मी कडी काढली. दाजी आत बाकावर बसलेले होते.

"तुम्ही काढलीत?" त्यांनी विचारलं.

"मग कोण काढणार?"

"काढायला नको होती," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी ताई न्हाणीघरात अडकली. बाहेरची कडी लागली होती, आणि नुसती लागली नव्हती, तिच्यात बारीक तार पिळून घातली होती. मला सोडवायला इतका वेळ लागला की आत तिचं बोलणं थांबलं. मला तिच्या शिव्यांची भीती वाटत नाही. ती गप्प झाली की वाटते.

दुसऱ्या दुपारी दाजी आपणहून शेडमध्ये जाऊन बसले. आम्ही लांबून बघत होतो. दाराशी काहीतरी सळसळलं आणि कडी पडली. दाजींनी फळीच्या फटीतून तार बाहेर काढली, चाचपडली, आकडा करून कडी उचलली आणि बाहेर आले. त्या दिवशी घरात काही झालं नाही.

"अडकलेल्याने आपलं आपण उघडलं तर चालतं त्यांना," दाजी म्हणाले. "बाहेरून कुणी उघडलं तर ती लबाडी. मग ते दुसऱ्या कुणाला घेऊन बघतात."

"त्यांना हे कुणी सांगितलं?" ताईने विचारलं.

दाजी हातातली तार सरळ करत बसले. ताईला उत्तर कळलं असावं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, पिशवी घेतली आणि बाजारात गेली. दाजींना न सांगता तिने विषाच्या वड्या आणल्या आणि शेडच्या कानाकोपऱ्यात टाकल्या.

सकाळी शेडमध्ये एकही वडी नव्हती. "खाल्लं मेल्यांनी," ताई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात धार आली होती. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिने मला हाक मारली.

पाळण्यात, स्वच्छ दुपट्यावर, सगळ्या वड्या होत्या. बाळाचं डोकं जिथे यायचं तिथे, नीट रचलेल्या. एकीलाही दात लागला नव्हता.

ताई खाली बसली. माझी ताई, जिने भर रस्त्यात दारुड्या शिपायाला छत्रीने झोडपलं होतं, ती पाळण्याचा पाय धरून बसली. मग उठून तिने चिमीला फोन लावला.

"येऊ नकोस, बाळा. आम्हीच तुझ्याकडे येतो."

"आई, इथे एकच खोली आहे. तुम्ही कुठे राहणार?"

"घर बरं नाही आपलं."

"म्हणजे?"

"उंदीर झालेत."

पलीकडे चिमी हसली. मग हसायची थांबली. "उंदरांसाठी मला नको म्हणतेस? सरळ सांग ना, नको असेन तर."

"ये," ताई म्हणाली. चिमी टॅक्सीने आली, दारात उतरली, पोटावर हात ठेवून म्हणाली, "कुठे आहेत तुमचे वाघ?" आम्ही तिला आतली खोली दिली. शेड रंगवून झाली होती, फक्त दाजींचं सामान हलायचं राहिलं होतं, पण तिचं नावही कुणी काढलं नाही. ताई तिच्या खाटेला खाट लावून झोपू लागली. पाळणा ताईने घासून घासून असा पांढरा केला की लाकूड दिसेना.

दाजी रोज दुपारी शेडमध्ये जात. खिशात तार, कानस आणि छोटी पक्कड. कडी पडे. ते आतून उघडत. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं अवघड. कधी कडीत पीळ दिलेली तार, कधी कोयंड्यात ठोकलेली पाचर, एकदा तर दाजींचंच जुनं कुलूप, ज्याची किल्ली त्यांनी स्वतः कधीच हरवली होती. ते बाहेर येत तेव्हा शर्ट घामाने चिकटलेला असे. चिमी विचारी, "बाबा, रोज काय करता तिथे?" दाजी म्हणत, "जुनं गिऱ्हाईक आहे."

घरात मात्र सगळं सुरळीत. एक कडी जागची हलत नव्हती.

मग दाजींना ताप आला. उठवेना. दुपार त्यांनी बाहेरच्या खोलीत पांघरुणात काढली. ताई औषध आणायला गेली होती, मी दाजींच्या डोक्यावर ओल्या घड्या बदलत होतो, चिमी आत आडवी झाली होती. आतल्या खोलीच्या दाराला आमच्या बाजूने सरकता बोल्ट होता, कधीच न वापरलेला, गंजून गेलेला. मी त्याचा आवाज ऐकला. ऐकून दात आंबतात तसा आवाज.

"मामा, दार का लावलंस?" चिमी आतून म्हणाली.

मी उठलो. बोल्ट पूर्ण बसलेला. हलेना. त्याच्या भोकातून तार ओवलेली, आणि तिचं टोक कुठे गेलंय ते दिसत नव्हतं.

"उघडतो, थांब."

"मामा, लवकर." मग काही वेळ नुसता तिचा श्वास. "मामा, मला वाटतं सुरू झालंय."

पक्कड शोधायला हात लावीन तिथे पक्कड नव्हती. सगळी हत्यारं शेडमध्ये, आणि दाजींच्या खिशातली छोटी पक्कड मला त्या घाईत आठवली नाही. मी खुर्ची उचलली. दारावर घालणार, एवढ्यात दाजींनी माझा दंड धरला. ते कधी उठले मला कळलं नाही. हात भाजणीच्या तव्यासारखा तापलेला.

"मोडू नका. मोडलंत तर ती कधीच सुटणार नाही."

"दाजी, पोर आत कळा देतेय."

"ऐकतोय मी," ते म्हणाले. त्यांनी पांघरूण खाली टाकलं, खिसा चाचपला आणि अनवाणी अंगणात उतरले. मधेच एकदा तोल गेला, कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून उभे राहिले, मग चालत शेडमध्ये गेले आणि दार ओढून घेतलं. बाहेरची कडी पडली. मला इथपर्यंत ऐकू आली.

मी बोल्टसमोर उभा होतो. आता जे सांगतो ते मी ताईलाही सांगितलेलं नाही. दाराच्या चौकटीमागून एक बारीक गुलाबी हात आला. हात म्हणतो, कारण पाय म्हणायला जीभ वळत नाही. त्याने तारेचं टोक पकडलं आणि सावकाश, घाई न करता, पीळ सोडवला. मग दुसरा हात आला. दोघांनी मिळून बोल्ट मागे ओढला. दार आपल्याआपण जरासं किलकिलं झालं.

ताई टॅक्सी घेऊनच परतली, तिला काय वाटलं कुणास ठाऊक. चिमी वेळेत दवाखान्यात पोचली. मुलगा झाला. दाजी त्या दिवशी शेडमधून केव्हा निघाले ते विचारायला कुणाला सुचलं नाही. आम्ही घरी आलो तेव्हा ते अंगणात पायरीवर बसले होते आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन नखं गेलेली होती.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासारखा. ओरडतो कमी, घोरतो जास्त," ताई म्हणाली. मग तिने त्यांचा हात पाहिला आणि तो आपल्या मांडीवर घेऊन कितीतरी वेळ पुसत राहिली.

बाळ घरी आलं. चिमी म्हणाली, जहाज बंदराला लागेपर्यंत राहते इथेच, जावई येऊन घेऊन जाईल. कुणी नको म्हटलं नाही. दाजींनी एक दिवसही खाडा केला नाही. आता ते दुपारी जाण्याऐवजी सकाळीच जात, कारण वेळ पुरत नव्हता. ताई खिडकीतून जेवणाचं ताट आत देई. खिडकीला गज होते, ते सुताराने बसवलेले नव्हते. कुणी बसवले हे कुणी विचारलं नाही. एकदा मी फटीतून पाहिलं. दाजी दाराशी उकिडवे बसलेले, कान फळीला लावलेला, आणि त्यांच्या मागे भिंतीच्या कडेने, बाकावर, खिळ्यांवर, किल्ल्यांच्या जुडग्यांमध्ये सगळीकडे उंदीर. हलत नव्हते. मोठी घूस सगळ्यांच्या पुढे. शाळेत मुख्याध्यापक तपासणीला येऊन बसतात तशी.

"दाजी, कितपत अवघड आहे आज?" मी विचारलं.

"चांगलं केलंय, मेहुणे." आवाज थकलेला होता, पण त्यात एक कौतुक होतं, एका कारागिराने दुसऱ्याचं करावं तसं. "माझ्या उस्तादांनासुद्धा जड गेलं असतं."

त्या दिवशी संध्याकाळ झाली तरी दाजी आले नाहीत. ताईने अंगणातला दिवा लावला. आतून तारेचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. चिमी आत झोपली होती. ताई बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येरझारा घालत होती, आणि प्रत्येक फेरीला शेडकडे बघत होती.

मग तारेचा आवाज बराच वेळ आला नाही.

"दाजी?" मी म्हटलं. दाराशी गेलो. "दाजी, बोला काहीतरी."

आत फक्त खसफस. अनेक पायांची.

कडीला नुसती पाचर होती. बाहेरून बोटाने निघाली असती. मी तिच्यावर हात ठेवला.

"छोट्या," ताई मागून म्हणाली. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका हळू होता. बाळाचं डोकं तिच्या मानेत टेकलेलं होतं आणि तिने त्याच्या पाठीवर दोन्ही हात घट्ट धरले होते. "हात लावू नकोस."